घरचे चोवीस गुण

मागच्या वर्षी काही महिने मी पैलवान होतो. बढाई मारत नाही, व्हिडिओ आहेत.

आता हा पैलवान कुठल्या मापाचा, ते सांगायला हवं. मला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी आहे. म्हणजे पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम सोडतात, त्या एकेक करून राजीनामा देतात. स्नायू बिचारे कामाला तयार असतात, पण वरून आदेशच येत नाही म्हटल्यावर तेही बसल्या जागी सुकतात. कचेरीत काम केलेल्या कुठल्याही माणसाला हा आजार लगेच समजतो. माझे पाय लहानपणीच निवृत्त झाले. मी बॅटरीच्या खुर्चीत बसतो. ती चालवायची दांडी उजव्या हाताखाली, समोर कीबोर्ड. मिक्सर, इस्त्री, पंखा यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते आणि जी कुणीच वाचत नाही, ती मी लिहितो. थोडक्यात, माझा सगळा कारभार उजव्या हातावर. तो गेला की खुर्ची गेली, नोकरी गेली, नाक खाजवणंही गेलं. आणि नाक दुसऱ्याकडून खाजवून घेणं हा फार अवघड प्रकार आहे. कुणालाच नेमकी जागा सापडत नाही.

हात किती उरलाय हे मोजायची एक परीक्षा असते. ती घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना आमच्या घरात ‘मदत-नको मॅडम’ म्हणतात, कारण परीक्षेच्या आधी, मध्ये आणि नंतरही त्या हे दोनच शब्द बोलतात. आईचा हात नुसता माझ्या दिशेने वळवळला तरी बोलतात. एकदा मला शिंक येत होती म्हणून आईने रुमाल काढला, तेव्हाही बोलल्या. परीक्षेत पेला उचलून तोंडाशी न्यायचा, टेबलावरच्या चकत्या पेल्यात टाकायच्या, दुमडलेला कागद फाडायचा, डब्याचं झाकण उघडायचं, अर्ध्या किलोचं वजन मांडीवरून टेबलावर आणि टेबलावरून इकडेतिकडे न्यायचं. एखाद्या फारच कंटाळलेल्या चोराचा दिनक्रम वाटावा, अशी ही सगळी कामं. प्रत्येकाला गुण, एकूण सदतीस. मला सदतीस कधीच मिळाले नाहीत. शाळेतही मिळाले नव्हते, पण तिथे दोष कण्याचा नव्हता.

दर वर्षी त्यातले एक-दोन गुण गळायचे. केस गळतात तसे. फक्त इथे टोपी घालून भागत नाही.

मग औषध आलं. रोज सकाळी पिचकारीने तोंडात घ्यायचं. चव अशी, की एखाद्या फळाने आपली चव फोनवरून सांगावी. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं, “हे गेलेलं परत आणेल असं धरून चालू नकोस. गळती थांबवेल अशी आशा आहे. वर्षभर देऊन बघू. उपयोग दिसला तर चालू ठेवू, नाही दिसला तर थांबवू. उगाच देत राहण्यातलं हे औषध नव्हे.”

त्या दिवशी मदत-नको मॅडमनी समोर बसून घेतलेल्या परीक्षेत मला एकोणीस गुण पडले.

दवाखाना आमच्या घरापासून लांब आणि माझी खुर्ची छोट्या म्हशीच्या वजनाची. म्हणून असं ठरलं, की वर्षभर दर महिन्याला परीक्षा घरीच घ्यायची आणि तिचा व्हिडिओ पाठवायचा. मॅडम तो बघून गुण देणार. वर्ष संपलं की पुन्हा एकदा दवाखान्यात, समोरासमोर. निघताना मॅडमनी आई, बाबा आणि ताई यांना ओळीत उभं करून विचारलं, “काय लक्षात ठेवायचं?”

“मदत नको,” तिघं एका सुरात म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आमच्या घरात तिघांचं एका वेळी एकमत कधीच होत नाही.

घरात कामं वाटली गेली. डबा आईचा. ताई फोटो स्टुडिओत काम करते, त्यामुळे कॅमेरा आणि कागद तिचे. वजनाचा प्रश्नच नव्हता, कारण बाबांचा धंदाच वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा. दुकानदारांचे काटे तपासायचे, झिजलेली वजनं नेमकी करून द्यायची. एखादा पाहुणा चहात ‘थोडी साखर’ म्हणाला, तर ‘थोडी म्हणजे किती?’ असं विचारणारा हा माणूस. त्यांनी दुकानातून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन आणलं, फडक्याने पुसलं आणि टेबलावर ठेवताना म्हणाले, “हे असं नेमकं आहे, की याच्यासमोर खोटं बोलायला लाज वाटावी.”

पहिल्या महिन्याचा व्हिडिओ वाईट गेला. झाकण हललं नाही. कागद फाटला नाही, नुसता चुरगळला. वजन माझ्या मांडीवरच बसून राहिलं, मांजरासारखं. गुण आले एकोणीस. वास्तविक डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की थांबलं तरी पुष्कळ. पण महिनाभर रोज तोंड आंबट करून घेतल्यावर माणसाला वाटतं, निदान एक झाकण तरी! मला जरा लागलं ते. दोन-तीन दिवस मी गप्प होतो म्हणे. मला स्वतःला आठवत नाही. मी आपला इस्त्रीची पुस्तिका लिहीत होतो.

दुसऱ्या महिन्यात झाकण उघडलं.

कुरकुरत, पण उघडलं. ताई कॅमेऱ्यामागून ओरडली, आईने डोळे पुसले, बाबा “हं” म्हणाले. बाबांचं “हं” म्हणजे इतरांच्या घरातली मिरवणूक. त्यानंतर कागद फाटायला लागला. मग वजन मांडीवरून सुटलं. पुढच्या महिन्यात ते टेबलाच्या कडेला टेकलं, त्याच्या पुढच्या महिन्यात टेबलावर चढलं. गुण वीस, एकवीस, बावीस असे चढत चोवीसवर आले. मदत-नको मॅडमनी कळवलं, “फारच छान. इतकं सहसा दिसत नाही.” मी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावायला सांगितलं. ताईने छापून आणलं, पण न्हाणीघराच्या दारावर लावलं.

“पैलवान, जेवायला चला,” ती हाक मारायची.

“आलो. वाटेत कुणाचा दरवाजा उखडला गेला तर माझ्या नावावर लिहा.”

आमच्या आजाराच्या लोकांचा फोनवर एक गट आहे. तिथे मी सल्ले द्यायला लागलो. “जिद्द लागते,” असं मी लिहिलं. मी! ज्याने आयुष्यात एकही व्यायाम पूर्ण केला नाही, तो मी. लोक विचारायचे, तू खातोस काय? मी सांगायचो, विचार चांगले ठेवतो.

अशा थाटात वर्ष संपलं आणि आम्ही चौघं दवाखान्यात गेलो. तीच खोली, तेच पायाने खालीवर होणारं टेबल. मॅडमनी माझी खुर्ची टेबलाला लावली, कोपराची उंची बघितली आणि घरच्यांना भिंतीशी उभं केलं. पेला, चकत्या, सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी डबा पुढे ठेवला. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, “मॅडम, जरा मागे सरका. झाकण उडून लागेल.”

मी झाकणावर बोटं ठेवली आणि फिरवलं.

झाकण उडालं नाही. फिरलं नाही. त्याला काही विचारलं जातंय याची त्याला कल्पनाच नसावी. मी पुन्हा फिरवलं. बोटं घसरली. मला वाटलं, नवा डबा आहे, ओळख नाही. मग कागद. तो चुरगळला. मग वजन मांडीवर आलं आणि मला कळलं, की हे काहीतरी वेगळंच आहे. हे वजन खाली ओढत होतं. घरचं वजन माझ्याशी फार सौजन्याने वागायचं. हे मांडीवर बसलं ते उठेचना.

भिंतीशी कुणीतरी घसा खाकरला. “मदत नको,” मॅडम म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज उतरला होता.

एकोणीस.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत संगणकाच्या पडद्यावर माझं वर्ष रेघ होऊन उभं होतं. रेघ छान चढत गेलेली, आणि टोकाला धाडकन खाली आलेली. बराच वेळ डॉक्टर ती बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. डॉक्टरांनी खुर्ची वळवली की समजावं.

“सुरुवातीला औषधाला चांगला प्रतिसाद दिलास,” ते म्हणाले. “आता तो ओसरलेला दिसतोय. एका महिन्यात पाच गुण जाणं, ही फार मोठी घसरण आहे. अशा वेगाने जात असेल तर तुझा श्वासही तपासायला हवा. त्यासाठी आजच दाखल करून घेतो. आणि औषध... ते चालू ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.”

“म्हणजे बंद?” मी विचारलं.

“म्हणजे थांबवू.”

मी हिशेब केला. महिन्याला पाच गुण, माझ्याकडे एकोणीस. हा हिशेब करायला बाबांची गरज नव्हती. दांडीवर ठेवलेल्या माझ्या हाताकडे मी बघितलं. तो नेहमीसारखाच दिसत होता, काहीच माहीत नसल्यासारखा. अशा वेळी मी काहीतरी बोलतो, खोलीतली हवा हलकी करतो. मी विनोद शोधला. सापडला नाही.

डॉक्टरांनी पेन उचललं.

“डॉक्टर,” आई म्हणाली. “ते झाकण...”

“झाकणाचं काय?”

“घरचं झाकण मी जरासं सैल करून ठेवायचे.”

पेन थांबलं. मी खुर्चीसकट आईकडे वळलो.

“जरासं म्हणजे किती?” हे बाबांनी विचारलं. सवय.

“एकच आटा हो! त्याला कळू नये इतकाच.”

“एक आटा?” ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “आई, तू पण? अगं, मी पण एक आटा सैल करायचे, शूटिंगच्या आधी!”

“म्हणून!” आई म्हणाली. “तरीच मी म्हणते, शेवटी शेवटी ते झाकण नुसतं ठेवल्यासारखं का दिसतंय!”

“आणि कागद?” मदत-नको मॅडम दारातून म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कुणाला कळलं नव्हतं.

ताईने मान खाली घातली. “कागदाला कडेला कात्री लावायचे. छोटीशी. कॅमेऱ्याच्या उलट्या बाजूने.”

“ताई,” मी म्हटलं, “मी तो कागद फाडल्यावर तू टाळ्या वाजवल्या होत्यास.”

“मग काय बोंब मारू? तू किती खूश होतास!”

मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी पडद्यावर एकेक व्हिडिओ उघडायला सुरुवात केली. “झाकण समजलं. कागद समजला,” त्या म्हणाल्या. “पण वजनाचेही गुण वाढलेत. ते कसे?”

बाबा आपल्या चपलांकडे बघत होते. मला आठवतं, त्या क्षणी मला वाटलं, बाबांकडे नका बघू. ते तसले नाहीत.

“ते वजन,” बाबा म्हणाले, “अर्ध्या किलोचं नाही.”

“अहो!” आई किंचाळली. झाकण आणि कागद एकीकडे. तिला खरा धक्का बसला तो हा. “तुम्ही? वजनात?”

“हो.”

“आयुष्यात एका दुकानदाराला ग्रॅमभर सोडलं नाहीत तुम्ही! माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानाचा काटा बंद करून आलात!”

“त्याचा काटा खोटा होता.”

“आणि हे?”

बाबा माझ्याकडे वळले. “वजनाच्या बुडाला भोक असतं,” ते सावकाश म्हणाले, गिऱ्हाइकाला समजावून सांगतात तसे. “त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात. ते शिसं काढलं. पुरेना, तेव्हा आतून लोखंड कोरलं. शेवटी एकशे चाळीस ग्रॅम कमी होतं.”

“एकदम?”

“नाही रे. दर महिन्याला थोडं थोडं. एकदम केलं असतं तर तुझ्या हाताला कळलं असतं. सुधारणा दिसायची तर ती सावकाशच दिसायला हवी. काम स्वच्छ झालं होतं तसं.”

“पण का?” डॉक्टर म्हणाले. “तुम्हा तिघांना माहीत होतं ना, की यावरून औषधाचा निर्णय होणार आहे?”

“औषधाचं डोक्यातच आलं नाही हो,” आई म्हणाली. “पहिल्या महिन्यात याला झाकण उघडता आलं नाही, तर तीन दिवस हा एक शब्द बोलला नाही. म्हणजे मागायचा, पाणी दे, पंखा लाव. पण वाकडं एक बोलला नाही. याचे विनोद काही फार चांगले असतात असं नाही...”

“आई.”

“खरं तेच सांगते. पण बंद झाले तर घर खायला उठलं. मला वाटलं, एक झाकण उघडेल, एवढंच. मग पुढच्या महिन्यात घट्ट कसं ठेवणार? तू म्हणाला असतास, गेलं.”

बाबा आणि ताई मान हलवत होते. तिघांनी एकमेकांपासून चोरून एकच गोष्ट केली होती, आणि तिघंही दर महिन्याला माझी प्रगती बघून मनात म्हणत होते, बाकीचं तरी खरं आहे.

मदत-नको मॅडमनी दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं, आता त्या ओरडणार. पण त्या संगणकाजवळ बसल्या आणि त्यांनी माझे घरचे गुण पुसायला सुरुवात केली. चोवीस गेले. तेवीस गेले. माझी सगळी पैलवानकी एकेका टिचकीसरशी नाहीशी झाली. पडद्यावर औषधाच्या वर्षाचे दोनच ठिपके उरले: पहिल्या दिवशी समोर बसून घेतलेली परीक्षा आणि आजची.

“हेच टेबल, हेच वजन, आणि मीच,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “तेव्हा जे जमत होतं ते सगळं आजही जमलं. तेव्हा जे जमत नव्हतं, तेवढंच आज जमलं नाही. एकही नवीन गोष्ट गेलेली नाही.”

डॉक्टरांनी पडदा आपल्याकडे वळवला. “औषधाआधीची वर्षं जोडा.”

मॅडमनी जोडली. डावीकडून एक उतार आला, घसरगुंडीसारखा, आणि औषध सुरू झालं तिथे थांबला. तिथून पुढे रेघ आडवी होती. सरळ, सपाट, कंटाळवाणी. मी आयुष्यात इतकी देखणी रेघ पाहिली नाही.

“घसरण नाहीच,” डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदा स्वतःशी, मग आम्हाला. “औषध काम करतंय. चांगलंच करतंय.”

“म्हणजे माझा हात गेला नाही?” मी विचारलं.

“नाही.”

“आणि आलाही नव्हता?”

“नव्हता.”

“मी पैलवान कधीच नव्हतो?”

“एक दिवसही नाही,” मॅडम म्हणाल्या.

माणसाला आपण कधीच बलवान नव्हतो हे कळल्यावर दुःख व्हायला हवं. मला वाटत होतं, कुणीतरी माझ्या छातीवरून लोखंडाचा ढीग उचलतंय, आणि तो बाबांनी कोरलेला नाही, अस्सल आहे. मी हसायला लागलो. हसताना माझी मान एका बाजूला जाते आणि ती सरळ करायला कुणीतरी लागतं. आईचा हात पुढे आला, मध्येच थांबला, आणि तिने घाबरून मॅडमकडे बघितलं.

“आता चालेल,” मॅडम म्हणाल्या.

दाखल करून घेणं रद्द झालं. “श्वास एकदा बघूच, पण पुढच्या वेळी, घाई नाही,” असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या वर्षाचं औषध लिहिलं. मग पेन खाली ठेवून ते बाबांना म्हणाले, “पुढच्या वर्षी घरची परीक्षा नाही. दर तीन महिन्यांनी इथेच या.”

“हो,” बाबा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “डॉक्टर, ते वजन मी वितळवून टाकतो. चुकून दुकानात गेलं तर कुणीतरी फसेल.”

“ते मला हवंय,” मी म्हटलं. “माझ्या कारकिर्दीची एवढीच खूण आहे.”

“गप बस,” ताई म्हणाली. “आणि तुझ्या त्या गटावर काय सांगणार आहेस? जिद्द?”

“सांगेन, की जिद्द माझ्या घरच्यांची. मी नुसता बसलो होतो.”

खोलीतून बाहेर पडलो तेव्हा बाबा माझ्या खुर्चीमागून चालत होते. ते एरवी पुढे चालतात, दारं उघडायला. व्हरांड्यात आल्यावर मी खुर्ची थांबवली तेव्हा ते हळूच म्हणाले, “रागावलास?”

“वजनाचा राग नाही,” मी म्हटलं. “पण तुम्ही ‘हं’ म्हणायचात, ते खोटं होतं याचं वाईट वाटलं.”

बाबांनी विचार केला. त्यांना कुठलंही उत्तर मोजल्याशिवाय देता येत नाही. “ते खोटं नव्हतं,” ते म्हणाले. “हलकं केलेलं वजनसुद्धा तू ज्या जोरात उचलायचास, ते बघून ‘हं’ आपोआप निघायचं.”

तेवढ्यात आईने फोन काढून मावशीला लावला. मावशी सकाळपासून वाट बघत होती. आईला फोनवर हळू बोलता येत नाही, त्यामुळे ही बातमी व्हरांड्यातल्या सगळ्या पेशंटांना एकदमच कळली.

“अगं, काही नाही झालं!” आई रडत रडत ओरडली.

“काय नाही झालं?” मावशीही तितकीच मोठ्याने.

“काहीच नाही! वर्षभरात काहीच नाही झालं त्याला!”

“मग रडतेस कशाला?”

“अगं, काही झालं नाही म्हणूनच ना!”

“त्याच्याकडे दे फोन,” मावशी म्हणाली. “तुझं डोकं ठिकाणावर नाही.”

ताईने फोन माझ्या तोंडासमोर धरला.

“काय रे? खरं काय ते सांग. पास की नापास?”

“मागच्या वर्षीइतकाच नापास, मावशी. एक गुण कमी नाही, एक गुण जास्त नाही.”

मावशीने जोरात नाक शिंकरलं. आम्ही चौघांनी ते ऐकलं, बहुधा व्हरांड्यानेही ऐकलं.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “आता असाच राहा.”